आइन्स्टाईनला तपासायचं तर आधी विंडो ए, विंडो बी

सांगली-साताऱ्याकडची फिजिक्सची मुलंमुली मला भेटली की हमखास दोन प्रश्न विचारतात. पहिला मोठ्यानं: "ताई, आइन्स्टाईनची रिलेटिव्हिटी, म्हणजे सापेक्षता, तर १९०५ सालीच सिद्ध झाली ना? मग लोक अजून काय तपासतात?" दुसरा जरा दबकत: "आपल्या इकडच्या कॉलेजातून शिकून असल्या कामात जाता येतं का?" दुसऱ्याचं उत्तर 'येतं' असं आहे आणि ते पैशापाण्यासकट पुढं देते. पण आधी पहिला प्रश्न, कारण तो नीट सुटला नसेल तर या क्षेत्रात दोन वर्षांत जीव विटतो.

माझं थोडक्यात सांगायचं तर बीएस्सी सांगलीत, एमएस्सी कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात आणि पीएचडी पुण्यात, रुबिडियम या धातूच्या अणूंच्या लेझर स्पेक्ट्रोस्कोपीवर, म्हणजे अणू नेमका कुठल्या रंगाचा प्रकाश ओळखतो ते लेझरनं तपासण्यावर. सापेक्षतेच्या चाचण्या ज्या हत्यारांनी होतात, ती हत्यारं घासण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, असं म्हणा.

तर १९०५ साली काहीही सिद्ध झालं नव्हतं. एक पेपर छापून आला होता. धावतं घड्याळ सावकाश चालतं हा त्यातला दावा धावत्या अणूंवर थेट मोजून बघायला १९३८ साल उजाडलं. आणि मोजलं म्हणजे तरी काय, तर उपकरणाच्या अचूकतेपर्यंत तो दावा टिकला. त्याच्या पुढच्या दशांश स्थळावर काय आहे ते पुढच्या माणसानं बघायचं. न्यूटनचा बुधाच्या कक्षेचा हिशेब असाच दोनशे वर्षं बरोबर होता आणि अडला तो पुढच्या दशांशाला. आज गुरुत्वाकर्षण आणि क्वांटम सिद्धान्त एकाच चौकटीत बसवू पाहणाऱ्या काही कल्पनांमधून सापेक्षता फार बारीक पातळीवर किंचित मोडत असावी अशी शक्यता निघते. ती मोड अजून कुणाला सापडलेली नाही. दर वेळी उत्तर 'शून्य' येतं आणि दर वेळी ते शून्य आधीपेक्षा चोख असतं. चोख शून्य काढण्यात ज्याला मजा वाटते त्यानंच इकडं यावं. 'आइन्स्टाईन चूक' म्हणून पानंच्या पानं पाठवणारे लोक आम्हालाही भेटतात. त्यांच्या पानांवर सगळं असतं, फक्त एरर बार, म्हणजे आपला आकडा किती चुकू शकतो याचा अंदाज, नसतो.

आता विंडो ए, विंडो बी.

बीएस्सीला स्पेक्ट्रोमीटर सगळ्यांनीच हाताळलेला असतो. सोडियमचा दिवा, टेबल लेव्हल करायचे तीन स्क्रू, क्रॉसवायरवर बसवायची पिवळी रेघ, आणि मग भिंगातून व्हर्नियर वाचायचं. त्या गोल पट्टीला समोरासमोर दोन खिडक्या असतात. जर्नलमध्ये दोन रकाने असतात म्हणून आपण दोन्ही वाचतो. घाईत असलो तर एकच वाचून दुसरीत १८० अंश मिळवून लिहितो, आणि कुणाला पत्ता लागत नाही. पण दोन खिडक्या का? कारण पट्टीचा मध्य आणि फिरणाऱ्या आसाचा मध्य तंतोतंत एकावर एक बसवणं कुठल्याही कारखान्याला जमत नाही. त्यामुळं एका खिडकीत कोन जेवढा जास्त दिसतो तेवढाच समोरच्या खिडकीत कमी दिसतो. सरासरी घेतली की ती चूक आपोआप कटते. चूक किती होती हे शोधायचीसुद्धा गरज पडत नाही.

व्हायवाला हा प्रश्न एक्स्टर्नल सहसा विचारत नाहीत. पण सापेक्षतेच्या लेझर-चाचण्यांचा पायाच हा आहे: जे आपल्याला ठाऊक नाही ते दोन बाजूंनी मोजून कटवायचं, आणि मग जे कटत नाही त्याच्या मागं लागायचं.

१९३८ चा प्रयोग अमेरिकेत बेल लॅबमध्ये हर्बर्ट आइव्ह्ज आणि स्टिलवेल या दोघांनी केला. वेगानं जाणारे हायड्रोजनचे अणू प्रकाश टाकतात. समोरून पाहिलं तर त्याचा रंग निळ्याकडं सरकतो, मागून पाहिलं तर तांबड्याकडं. हा झाला नेहमीचा डॉप्लर परिणाम, आणि तो एवढा मोठा असतो की घड्याळ मंदावल्याचा इवलासा परिणाम त्यात बुडून जातो. अणूंचा वेग होता प्रकाशवेगाच्या अर्धा टक्का वगैरे. यांनी काय केलं, तर नळीत एक छोटा आरसा बसवला आणि समोरचा नि मागचा प्रकाश एकाच वेळी एकाच फोटोप्लेटवर घेतला. दोन रेघांचा मध्य काढला. नेहमीचा डॉप्लर कटला, मध्य किंचित सरकलेला उरला, आणि ते सरकणं काळ मंदावण्याच्या हिशेबाशी जुळलं. गंमत अशी की आइव्ह्ज स्वतः सापेक्षतेचा कट्टर विरोधक होता आणि अखेरपर्यंत राहिला. तरी त्यानं आकडा जसा आला तसाच छापला. मला या माणसाबद्दल आइन्स्टाईनइतकाच आदर आहे.

यात लेझर आल्यावर खेळ बदलला. आता अणूनं टाकलेला प्रकाश बघायच्या ऐवजी धावत्या आयनांवर, म्हणजे विद्युतभार असलेल्या अणूंवर, दोन लेझर सोडतात, एक मागून आणि एक समोरून. दोन्हींचे रंग असे जुळवतात की एकाच वेगाच्या आयनाला दोन्ही 'आपलेच' वाटावेत. जर्मनीत हायडेलबर्गला माक्स प्लांक संस्थेच्या ५५ मीटर घेराच्या साठवण-कड्यात आणि नंतर डार्मस्टाटच्या जीएसआय संस्थेच्या १०८ मीटर घेराच्या कड्यात लिथियमचे आयन फिरवून हे प्रयोग झाले. आता अडचण बघा. डॉप्लरचा हिशेब करायचा तर आयनाचा वेग पाहिजे, आणि तो तेवढ्या अचूकतेनं मोजायची सोय नाही.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा काटा बघितला असेल, त्या काट्याच्या आधीचा दोन पारड्यांचा तराजू डोळ्यांसमोर आणा. समजा दांडीची एक भुजा लांब आहे, किती लांब ते माहीत नाही. व्यापारी दांडी मारतोय की तराजूच तसा आहे, देव जाणे. तर माल एकदा डाव्या पारड्यात ठेवून तोलायचा, एकदा उजव्या. दोन्ही वजनांचा गुणाकार करायचा आणि वर्गमूळ काढायचं. खरं वजन हातात! भुजांचं गुणोत्तर एकदा वर असतं, एकदा खाली. गुणाकारात ते उडून जातं. धावत्या आयनांचं अगदी हेच, आणि मी हे नुसतं समजावण्यापुरतं म्हणत नाही, बीजगणितसुद्धा तेच आहे. मागून येणाऱ्या लेझरची वारंवारता गुणिले समोरून येणाऱ्याची, बरोबर स्थिर आयनाच्या वारंवारतेचा वर्ग. वेग उडाला.

कॅल्क्युलेटर घ्या. लिथियम आयनाची रेषा, म्हणजे तो 'आपला' म्हणून ओळखतो तो रंग, आयन स्थिर असताना ५४८.५ नॅनोमीटरला, म्हणजे हिरव्यात पडते. हायडेलबर्गला आयनांचा वेग प्रकाशवेगाच्या ६.४ टक्के होता आणि लेझर होते ५१४ नि ५८५ नॅनोमीटरच्या आसपास. गुणाकार करून वर्गमूळ काढा. मग डार्मस्टाट: वेग ३३.८ टक्के, म्हणजे सेकंदाला लाखभर किलोमीटर, कड्याला सेकंदात नऊ लाखांवर फेऱ्या. तिथं एक लेझर ३८६ ला, अतिनील किरणांत, आणि दुसरा ७८० ला, अवरक्ताच्या उंबऱ्यावर. पुन्हा गुणाकार, पुन्हा वर्गमूळ. दोन्हीकडं साडेपाचशेच्या अलीकडं तोच हिरवा आकडा येतो. मी नॅनोमीटर पूर्णांकात दिले म्हणून थोडं इकडंतिकडं होईल, तेवढं चालवून घ्या.

आणि मेख इथं आहे. हा गुणाकार असा बिनचूक बसतो तो काळ मंदावतो म्हणूनच. काळ मंदावत नसता तर डार्मस्टाटच्या वेगाला लेझर ३६३ आणि ७३४ च्या आसपास लावावे लागले असते आणि वर्गमूळ ५१६ आलं असतं. एवढा फरक तर कॉलेजच्या ग्रेटिंगनंही दिसेल. पण प्रश्न एवढ्या मोठ्या फरकाचा नाहीच. हायडेलबर्गच्या २००७ च्या निकालात काळ मंदावण्याच्या सूत्रापासून ढळण्याची मर्यादा दहा कोटींत ८.४ भाग इतकी खाली आली. डार्मस्टाटच्या २०१४ च्या निकालात फरक आला एक अब्जात १.५, अधिक-उणे २.३. हा आकडा कसा वाचायचा ते शिका. १.५ हा 'शोध' नाही, कारण त्याच्या दोन्ही बाजूंना २.३ ची शंका आहे, म्हणजे शून्य आरामात आत बसतं. ५४६ टेराहर्ट्झच्या वारंवारतेत ही शंका साधारण सव्वा मेगाहर्ट्झची झाली. त्या सव्वा मेगाहर्ट्झसाठी माणसांनी आयुष्यातली वर्षं घातली आहेत. लेझरच्या तरंगाग्राला असलेला बाक, दोन किरणांमधला नखाएवढाही नसलेला कोन, लेझरच्याच तीव्रतेनं रेषेचं सरकणं, अशी एकेक गोष्ट धरून तिचा हिशेब मांडायचा. पेपरात त्याचा एक तक्ता येतो. निकालाआधी तो तक्ता वाचायची सवय लावा. कुठलाही पेपर मी आजही तिथूनच उघडते.

हे सगळं जर्मनीतलं. आपल्याकडं काय करायचं? त्या ७८० नॅनोमीटरकडं परत बघा. रुबिडियमची डी-२ रेषा ७८०.२४ नॅनोमीटरला आहे, म्हणजे अगदी शेजारी. या रंगाचे डायोड लेझर तुलनेनं स्वस्त मिळतात, त्यामुळं भारतात ज्या ज्या ठिकाणी अणूंवर लेझरचं काम चालतं तिथं नव्या विद्यार्थ्याच्या हातात पहिल्यांदा बहुधा रुबिडियमची नळीच देतात. पहिले काही महिने कसे जातात ते जरा सविस्तर सांगते, कारण त्यावरून हे काम आपल्याला मानवेल का याचा अंदाज येतो.

बोटभर लांबीची काचेची बंद नळी. आत रुबिडियमचा कण, काचेच्या आतल्या बाजूला चंदेरी डाग पडल्यासारखा दिसतो. खोलीच्या तापमानालाच त्याची पुरेशी वाफ असते. लेझर त्यातून सोडायचा, पलीकडं फोटोडायोड, आणि सिग्नल ऑसिलोस्कोपवर. ७८० चा प्रकाश डोळ्याला जेमतेम मळकट लाल दिसतो आणि धोका तोच आहे: दिसतो मंद, असतो प्रखर. गॉगल लावल्याशिवाय टेबलाच्या उंचीला डोळा न्यायचा नाही. खाली पडलेला स्क्रू उचलायला वाकतानासुद्धा आधी डोळे मिटायचे. लेझरचा रंग हळूहळू सरकवत नेला की एका क्षणी सीसीटीव्ही कॅमेऱ्याच्या पडद्यावर नळीच्या आत दुधाळ पांढरी रेघ उजळते. अणूंनी प्रकाश ओळखला! स्कोपवर चार दऱ्या दिसतात: रुबिडियमचे अणू दोन वजनांचे असतात, मधल्या दोन रुबिडियम ८५ च्या, कडेच्या दोन रुबिडियम ८७ च्या. निसर्गात ८५ चं प्रमाण ७२ टक्के, म्हणून मधल्या जास्त खोल.

पण या दऱ्या पसरट असतात, पाचशे मेगाहर्ट्झ वगैरे रुंद. अणूची मूळ रेषा फक्त सहा मेगाहर्ट्झची. नळीतले अणू सैरावैरा पळतायत, प्रत्येकाचा डॉप्लर वेगळा, म्हणून ही रुंदी. मग त्याच लेझरचा दुसरा किरण उलट दिशेनं त्याच वाटेवरून पाठवायचा. दोन्ही किरण एकाच वेळी पटतील असे अणू कोणते? जे किरणाच्या दिशेनं पळतच नाहीत तेवढेच. पसरट दरीत एकदम बारीक टोकदार शिखरं उगवतात. पुन्हा दोन बाजू, पुन्हा कटवाकटवी. ८७ च्या पहिल्या दरीत सहा शिखरं यायला पाहिजेत: तीन खऱ्या रेषा आणि तीन 'क्रॉसओव्हर', म्हणजे दोन खऱ्यांच्या बरोबर मध्ये उगवणाऱ्या. त्या कुठून येतात हे कागदावर स्वतः काढून बघा. मुलाखतीत हा प्रश्न हमखास असतो. शेवटच्या दोन खऱ्या रेषांत २६७ मेगाहर्ट्झचं अंतर असतं, त्यावरून आडवी पट्टी कॅलिब्रेट करायची. आणि मग त्यातल्या एका शिखरावर लेझर 'लॉक' करायचा, म्हणजे त्याचा रंग तिथंच धरून ठेवायचा.

लॉक हा शब्द पुढं तुमच्या जेवणाखाण्यात येतो. 'लॉक बसला का?' 'लॉक सुटला.' दार आपटलं, लॉक सुटला. कुणी टेबलावर कोपर टेकलं, सुटला. मोठ्यानं हसलात तरी सुटतो, कारण लेझरच्या पोकळीचा आरसा पिझोवर, म्हणजे वीज दिली की किंचित लांबणाऱ्या स्फटिकावर, बसलेला असतो आणि आवाजानं तो हलतो. पावसाळ्यात वेगळीच तऱ्हा. डायोड थंड ठेवायचा असतो, आणि हवेत एवढा दमटपणा की तापमान दवबिंदूच्या खाली गेलं की डायोडवर पाणी जमतं. दोन-चार अंश वर ठेवून रंग प्रवाहानं जुळवायचा, नाहीतर खोका बंद करून आत सिलिका जेलच्या पुड्या टाकायच्या. अंगातली स्थिर वीज हा डायोडचा दुसरा शत्रू. मनगटाला अर्थिंगचा पट्टा न बांधता हात लावला तर काहीही न दिसता, काहीही न वाजता डायोड मरतो, आणि नवा मागवायचा म्हणजे परचेस विभागाच्या फायली. त्या फायलींबद्दल मी इथं काही लिहीत नाही, बीपी वाढतं.

आता या क्षेत्रातला माझा सगळ्यांत आवडता भाग. काळ मंदावणं ही सापेक्षतेची एक बाजू. दुसरी अशी की अवकाशात कुठलीच दिशा खास नाही. प्रयोगशाळा पूर्वेला तोंड करून ठेवा नाहीतर उत्तरेला, अणूची रेषा तीच पाहिजे. तपासायचं कसं? प्रयोगशाळा फिरवायची. आणि ती फिरतेच की, पृथ्वीबरोबर, फुकटात. फक्त वाट बघायची आणि अणूची वारंवारता दिवसभरात डुलते का ते पाहायचं. इथं तुमचं खगोलशास्त्र कामाला येतं. ताऱ्यांच्या हिशेबानं पृथ्वीची फेरी २३ तास ५६ मिनिटांत पुरी होते, सूर्याच्या हिशेबानं २४ तासांत. डुलणं २४ तासांचं निघालं तर तो एसी, दुपारचं ऊन, किंवा शेजारच्या वर्कशॉपची पाळी. २३ तास ५६ मिनिटांचं निघालं तर मात्र कान टवकारायचे, कारण एसीला तारे कळत नाहीत. अडचण एकच: चार मिनिटांचा फरक एका दिवसात ओळखता येत नाही. तो सुटा व्हायला महिनोनमहिने सलग रीडिंग लागतं. वर्षभर घेतलं तर सूर्याचे दिवस ३६५ आणि ताऱ्यांचे ३६६, तेव्हा कुठं दोन्ही नीट वेगळे पडतात. म्हणून या प्रयोगांत बुद्धीइतकंच यूपीएसला महत्त्व आहे.

१९६१ साली स्कॉटलंडमध्ये रॉनल्ड ड्रेव्हरनं हा प्रयोग घरच्या बागेत केला होता, मोटारीच्या बॅटऱ्या आणि मागून आणलेलं सामान वापरून. लेझर नव्हताच, लिथियमच्या अणुकेंद्रांच्या चुंबकीय अनुनादाची रेषा पृथ्वी फिरताना फाटते का, एवढं त्यानं बघितलं. हाच माणूस पुढं गुरुत्वीय लहरी पकडणाऱ्या लायगो वेधशाळेच्या उभारणीतला एक प्रमुख झाला. २०१५ साली बर्कलीला एकाच सापळ्यात दोन कॅल्शियम आयन धरून इलेक्ट्रॉनसाठी हीच तपासणी झाली. दोन आयन अशासाठी की चुंबकीय खळखळ दोघांनाही सारखीच लागते आणि कटते. २०१९ साली ब्राउनश्वाइगच्या पीटीबी संस्थेनं इटर्बियम आयनाची दोन घड्याळं वेगवेगळ्या दिशांना रोखून सहा महिने एकमेकांशी ताडून बघितली आणि इलेक्ट्रॉनपुरती मर्यादा आणखी शंभरपट कसली. सहा महिने! त्यातल्या रात्रपाळ्या कुणी केल्या असतील हे पेपरात लिहिलेलं नसतं, पण पीएचडीच्या मुलांनीच केल्या असणार.

कुणाला वाटेल की एवढी शंका कशाला. तर २०११ साली इटलीतल्या ऑपेरा प्रयोगात न्यूट्रिनो नावाचे कण प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोचल्याची बातमी जगभर गाजली. पुढच्या वर्षी कळलं की एक फायबर केबल नीट घट्ट बसलेली नव्हती. ती माणसं बावळट नव्हती. आकडा जाहीर करताना 'आम्हाला चूक सापडत नाही, तुम्ही शोधा' असंच त्यांनी म्हटलं होतं.

बरं, आता तुमच्या कामाचं.

एफवायपासून एकच पथ्य पाळा: प्रॅक्टिकलचं उत्तर पुस्तकातल्या आकड्याशी जुळवायला जाऊ नका. सोडियमच्या ५८९.० आणि ५८९.६ च्या जोडरेषा सगळ्यांना पाठ असतात, त्यामुळं सगळ्यांचं उत्तर ५८९.३ येतं. तुमचं ५९१ आलं तर ५९१ च लिहा आणि खाली अधिक-उणे किती ते काढा. मार्क जातील का? काही ठिकाणी जातात. आमच्या कॉलेजात मायकेलसन इंटरफेरोमीटर होता आणि तो कुलूपबंद कपाटातच असायचा, 'मोडला तर कोण भरून देणार' म्हणून. अशा वेळी सरांच्या आधी लॅबच्या मामांशी दोस्ती करा. कुठल्या उपकरणाचा कुठला स्क्रू ढिला आहे हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं, आणि शनिवारी दुपारी कपाट उघडायची किल्लीही त्यांच्याकडंच असते.

सोल्डरिंग शिका, ऑप-अँपची सर्किटं हातानं बांधा, पायथनमध्ये डेटाला रेषा बसवायला शिका. कुपवाडच्या एमआयडीसीत नाहीतर किर्लोस्करवाडीला घरचं कुणी लेथवर असेल तर सुट्टीत तिथं जाऊन बसा. थ्रेड म्हणजे काय, टॉलरन्स म्हणजे काय हे हाताला कळलेला विद्यार्थी ऑप्टिक्सच्या लॅबमध्ये महिन्याभरात ओळखू येतो. महानगरातल्या नामांकित कॉलेजांतून आलेल्यांना हे बऱ्याचदा येत नसतं, आणि तिथं आपली पोरं बाजी मारतात.

थिअरीत क्वांटम मेकॅनिक्स आणि विद्युतचुंबकत्व पक्कं पाहिजे. सापेक्षता त्या मानानं थोडीच लागते. मराठी माध्यमाची काळजी करणाऱ्यांना सांगते, इंग्रजी बोलायची भीती वर्षभरात जाते. इंग्रजी वाचायचा कंटाळा मात्र राहून जातो आणि तोच महागात पडतो, तेव्हा दुसऱ्या वर्षापासून रोज दोन पानं इंग्रजी पाठ्यपुस्तकाची, डिक्शनरी न उघडता.

बीएस्सीत असतानाच बाहेरची लॅब बघायचे दोन मार्ग आहेत. मुंबईत मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा पदवीच्या मुलांसाठीचा एनआययूएस कार्यक्रम, आणि तीन विज्ञान अकादम्यांची मिळून असलेली उन्हाळी फेलोशिप, ज्यात दोन महिने एखाद्या संस्थेत काम करता येतं. एमएस्सीला आयआयटी किंवा आयसर पाहिजे तर जॅम ही प्रवेशपरीक्षा. पीएचडीला नेट-जेआरएफ, जेस्ट, गेट, टीआयएफआरची स्वतंत्र परीक्षा. जॅमचे क्लास एफवायपासून लावायला मी सांगणार नाही. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी जुने पेपर सोडवायला घेतले तरी पुरतं, पण सोडवायचे मात्र घड्याळ लावून. शिवाजी विद्यापीठातून एमएस्सी करूनही पुढं जाता येतं, मी गेले.

पैसे. जेआरएफला, म्हणजे पीएचडीच्या सुरुवातीच्या फेलोशिपला, २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं, दोन वर्षांनंतर एसआरएफला ४२,०००. काही ठिकाणी ही रक्कम महिनोनमहिने अडकते, तेव्हा दोन-तीन महिन्यांची शिल्लक गाठीला ठेवूनच जा. पीएचडीला पाच-सहा वर्षं धरून चाला. लॅब निवडताना गाइडचे पेपर मोजू नका. तिथल्या सिनियर मुलांना चहाला न्या आणि विचारा: लेझर वर्षातून किती महिने चालू असतो? शेवटचा मुलगा किती वर्षांत बाहेर पडला? मुलींनी रात्री लॅबमधून हॉस्टेलला परतायची सोय काय हेही विचारायचं, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

घरचे विचारणार, 'हे करून नोकरी कुठं?' त्यांना नाविक सांगा, म्हणजे जीपीएससारखी आपली स्वतःची उपग्रह यंत्रणा. मे २०२३ मध्ये इस्रोनं सोडलेल्या एनव्हीएस-०१ उपग्रहात देशात बनवलेलं रुबिडियम अणुघड्याळ आहे. नळीतला तोच अणू. जीपीएसच्या उपग्रहातलं घड्याळ वेगामुळं दिवसाला सात मायक्रोसेकंद मागं पडतं आणि उंचीवरच्या कमी गुरुत्वामुळं ४५ पुढं जातं. हा हिशेब रोज चुकता केला नाही तर रिक्षावाल्याचा मॅप गल्ली चुकेल. दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा देशाची प्रमाणवेळ सांभाळते. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत इटर्बियम आयनाच्या घड्याळावर काम चालू आहे. २०२३ साली मंजूर झालेल्या ६,००३ कोटींच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनमधलं सेन्सिंग आणि मेट्रॉलॉजीचं केंद्र आयआयटी मुंबईत आहे, आणि हिंगोली जिल्ह्यात लायगो-इंडिया उभं राहतंय, तिथं लेझर सांभाळणारी माणसं लागणारच.

शेवटचं, मेल कसा लिहायचा, कारण यात फार मुलं मार खातात. 'रिस्पेक्टेड सर, आय ॲम पॅशनेट अबाउट फिजिक्स' असा एकच मेल पन्नास जणांना पाठवलेला प्राध्यापकांना लगेच कळतो. एकाच माणसाला लिहा. त्याच्या लॅबचा एक पेपर वाचा, सगळा कळला नाही तरी चालेल, आणि न कळलेली एक गोष्ट नेमकी विचारा. दहा ओळींच्या वर जाऊ नका. मार्कशीटबरोबर एखाद्या प्रॅक्टिकलचं असं पान जोडा ज्यात तुम्ही एरर खरोखर काढली आहे. उन्हाळ्यासाठी विचारायचं असेल तर दिवाळीच्या आसपास लिहा, मार्चमध्ये जागा भरलेल्या असतात. उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण करा, आणि तरीही आलं नाही तर पुढच्या नावाकडं वळा.